हातावरचा शिक्का

डागांच्या बाबतीत आजोबांशी वाद घालायच्या भानगडीत कुणी पडत नसे. चाळीस वर्षं ते लाँड्री चालवत होते आणि साध्या धुलाईत त्यांना आता काही रस उरला नव्हता. त्यांचा सगळा जीव डागांत. गिऱ्हाइकाने शर्ट काउंटरवर पसरला की ते चष्मा कपाळावर चढवायचे, डागाला नाक भिडवायचे आणि म्हणायचे, "ही शाई नाही. गंज आहे. खिशात किल्ली होती आणि तुम्ही भिजलात." गिऱ्हाईक ओशाळून हो म्हणायचं आणि आजोबांची स्वारी दिवसभर खुशीत असायची. एखादा डाग हटून बसला, तर मात्र संध्याकाळी जेवताना ते कुणाशी बोलत नसत. घरातली माणसं शहाणी, कुणी कारण विचारत नसे.

धुऊन, वाळून, इस्त्री होऊन कपडा समोर आला की आजोबा तो खिडकीपाशी उजेडात धरायचे, उलटसुलट करून बघायचे आणि मग त्याच्या चिठ्ठीवर शिक्का मारायचे. जांभळी शाई, गोल कड आणि मध्ये दोनच शब्द, 'तपासले. स्वच्छ.' हा शिक्का दुसऱ्या कुणी मारायचा नाही असा दंडक होता. इस्त्रीवाल्या मावशी अठरा वर्षं त्या दुकानात वाफ खात उभ्या होत्या, पण त्यांनीसुद्धा शिक्क्याला कधी बोट लावलं नव्हतं. "लखलाभ असो तुम्हाला तुमचा शिक्का," असं म्हणून त्या पुढचा शर्ट ओढायच्या.

असा हा डागांचा वैरी, आणि नातीला लाडाने हाक काय मारायचा, तर ठिपकी!

ठिपकीला दोन वर्षं पूर्ण झाली आणि सूनबाईला पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. त्या जागेसाठी तिने फार धडपड केली होती. पोर पोटात असतानाही ती परीक्षेला बसली होती. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा, त्याला कुठून कधी बोलावणं येईल याचा नेम नाही. आजी जाऊन पाच वर्षं झालेली. पोरीला ठेवायचं कुठे यावर घरात चार दिवस खल चालला आणि पाचव्या दिवशी आजोबा उखडले. "कुठे म्हणजे? माझ्याकडे! मी काय मेलोय?" सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या दिवशी ती दुकानातून निघाली, दहा पावलं गेली, परत आली, पोरीचा पापा घेतला आणि पुन्हा निघाली. "जा गं बाई, बस चुकेल तुझी," असं आजोबांनी ओरडून सांगितलं तेव्हा कुठे ती गेली.

ठिपकी दुकानात रमली. मळक्या कपड्यांच्या टोपलीत ती दुपारची झोपायची, टांगलेल्या कोटांच्या रांगेत शिरून लपायची आणि मावशींच्या डब्यातलं अर्धं खायची. अडीच वर्षांची झाल्यावर तिचा डायपर सोडवायचं ठरलं, तेही काम आजोबांनी अंगावर घेतलं. आतल्या मोरीजवळ प्लॅस्टिकची पिवळी पॉटी आली. पहिल्याच दिवशी संध्याकाळपर्यंत चड्डी कोरी राहिली, तेव्हा आजोबांना इतकं कौतुक वाटलं की हातात होता तो शिक्का त्यांनी पोरीच्या इवल्याशा हातावर उमटवला. ठिपकी हाताकडे बघत राहिली. सूनबाई तिला न्यायला आली तेव्हा तिने हात असा पुढे केला, जणू राणीचा खजिना दाखवतेय. सूनबाईने टाळ्या वाजवल्या.

मग तो रोजचा खेळच झाला. संध्याकाळी दुकान आवरताना आजोबा नातीला काउंटरवर उभं करायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, चड्डीला नाक लावल्याचं नाटक करायचे. "शाई आहे का? नाही. गंज आहे का? नाही. तेल? नाही बुवा. मग काय आहे?" ठिपकी खिदळत ओरडायची, "काही नाही!" आणि शिक्का बसायचा.

मावशी एकदा म्हणाल्या, "ती पॉटीवर बसली की द्या ना शिक्का. चड्डी कोरी राहिली म्हणून काय देता?"

"मावशी, शिक्का मालावर मारतात," आजोबा म्हणाले. "मशीनवर नाही."

मावशींनी मान उडवली. आजोबांना आपलं उत्तर फार आवडलं. घरी जेवतानाही त्यांनी ते सगळ्यांना ऐकवलं.

तीन-चार आठवडे असे गेले. मग पोरीचं पोट साफ होईना. आधी एक दिवस, मग दोन, मग चार. सूनबाई रोज दारातूनच विचारायची, "बाबा, आज झाली?" आणि आजोबा म्हणायचे, "होईल गं, खाल्लं तर पाहिजे ना काही." पोरीचं खाणं खरंच कमी झालं होतं. पोट मात्र टम्म. दिवसातून दोन-तीनदा ती खेळता खेळता थांबायची, कोटांच्या मागे जायची, एखाद्या कोटाचं टोक मुठीत घट्ट धरून चवड्यांवर उभी राहायची. पाय आवळलेले, चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी. आजोबा खाली बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचे, "कुंथ बाळा, अजून थोडा जोर कर. शाब्बास." दोन मिनिटांनी पोरीचं अंग सैल पडायचं आणि ती पुन्हा खेळायला लागायची. पॉटी कोरडीच.

सातव्या दिवशी घरीच झाली, तीही किंकाळ्या मारत. सूनबाईने पोरीला घट्ट धरून ठेवलं होतं आणि तीही रडत होती. शेवटी जे बाहेर आलं ते मोठ्या माणसालाही झेपलं नसतं, आणि वर रक्ताची रेघ. त्यानंतर ठिपकी पॉटीचा पिवळा रंग दिसला तरी ओरडायची. आठवड्याभराने चड्डीला रोज थोडं थोडं लागायला लागलं. आजोबा म्हणाले, पोट बिघडलं असेल, आणि त्यांनी तिची फळं बंद करून नुसता भात सुरू केला.

संध्याकाळचा खेळ चालूच होता. आजोबा चड्डी बघायचे आणि म्हणायचे, "अरेरे, आज डाग आहे हं. आज शिक्का नाही." हे ते हसून म्हणायचे. आवाजसुद्धा चढवला नाही त्यांनी कधी, मारणं तर लांबच. ठिपकीचा खालचा ओठ बाहेर यायचा. "उद्या," ती म्हणायची. आणि दुसऱ्या दिवशी कोटांच्या मागे जास्त वेळ उभी राहायची.

शेवटी सूनबाईने रजा टाकली आणि ती पोरीला मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाली. आजोबाही दुकान मावशींवर सोपवून सोबत गेले. दिवसभर पोर आपल्याकडे असते, माहिती आपल्यालाच जास्त, असा त्यांचा हिशेब. आदल्या दिवशी नेमकी चड्डी कोरी होती, त्यामुळे ठिपकीच्या हातावर जांभळा गोल होता आणि ती दवाखान्यातल्या सगळ्यांना तो दाखवत होती.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला टेबलावर झोपवलं, गप्पा मारत मारत पोट चाचपलं आणि सूनबाईचा हात धरून पोटाच्या डाव्या बाजूला ठेवला. "हे घट्ट लागतंय ना? सगळं साठलंय आत."

"पण डॉक्टर, तिला तर पातळ होतंय थोडं थोडं."

"ते बाजूने झिरपतं. आत खडा झालाय, वरची पातळ शी त्याच्या कडेने वाट काढते. तिला कळतही नाही ते. त्याबद्दल तिला कुणी काही बोलू नका."

आजोबांनी खुर्चीत जरा जागा बदलली.

"आणि कोपऱ्यात उभी राहून जोर करते म्हणालात, तो जोर नाही," डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या. "पाय आवळते, चवड्यांवर उभी राहते, म्हणजे ती शी रोखून धरतेय. शी आली की ती परत आत ढकलते. जितकी रोखेल तितकी घट्ट होणार, जितकी घट्ट तितकी दुखणार, आणि दुखली की पुन्हा रोखणार."

"पण का रोखेल एवढीशी पोर?" सूनबाईने विचारलं.

"एकदा दुखलं की भीती बसते. कधी त्याच्या आधीच मुलांच्या मनात बसतं, की शी होणं म्हणजे काहीतरी वाईट. चड्डी खराब केली म्हणून घरात कुणी रागावतं का? ओरडतं?"

"छे छे," आजोबा म्हणाले. "आमच्याकडे नाही ओरडत कुणी." त्यात खोटा शब्द एकही नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी ठिपकीला उठवून बसवलं तेव्हा त्यांचं तिच्या हाताकडे लक्ष गेलं. "अरे वा, हे काय?"

"शिक्का," ठिपकी म्हणाली. "मी शी नाही केली."

चाळीस वर्षं डागाचं मूळ पहिल्या नजरेत ओळखणाऱ्या माणसाला हे मूळ आत्ता दिसलं, आणि तेही पोरीने बोट दाखवल्यावर. पॉटीत केल्याचं कौतुक तिला कधी मिळालंच नव्हतं. मिळालं होतं ते कोरं राहिल्याचं. आजोबांनी जे मागितलं तेच पोरीने जिवाच्या आकांताने दिलं होतं.

डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे बघत होत्या. खरं बोलायला ती वेळ इतकी चांगली होती. एक वाक्य पुरलं असतं.

"दुकानातला खेळ आहे आमचा," आजोबा हसून म्हणाले. "पोरं काय, काहीही बोलतात."

बाहेर कुणाचं तरी बाळ टाहो फोडत होतं. डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिलं. पाण्यात विरघळणारी पावडर, शी मऊ करणारी, रोज एकदा, आणि बरं वाटलं तरी मनाने बंद करायची नाही. दूध कमी, पाणी आणि फळं जास्त. जेवणानंतर पाच मिनिटं पॉटीवर बसवायचं, पायाखाली काहीतरी ठेवायचं म्हणजे गुडघे वर राहतील. झाली तर छान, नाही झाली तरी छान. "महिने लागतील. घाई करू नका," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मुलगा हत्यारांची पेटी घेऊन घरी आला आणि सगळं ऐकून पहिलं वाक्य बोलला ते असं, "दूध कमी करा म्हणाल्या ना? मी कधीपासून सांगतोय. संध्याकाळी घरी आलीस की बाटली, झोपताना बाटली. दिवसभर जवळ नसतेस म्हणून दुधाने भरून काढतेस का?"

सूनबाई मान खाली घालून ताटं मांडत राहिली.

"तू कामाला जायला लागलीस आणि हे सुरू झालं. आई दिवसभर डोळ्यांसमोर नाही म्हटल्यावर पोर दुसरं काय करणार?"

सूनबाईने मान वर केली आणि आजोबांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आजोबांनी पाण्याचा ग्लास उचलला, पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला.

"जाऊ दे रे," ते मुलाला म्हणाले. "औषध दिलंय ना आता. कशाला तिला बोलतोस?"

आणि आपण सूनबाईची बाजू घेतली, असं त्यांना वाटलं. माणूस स्वतःला किती स्वस्तात सोडतो! रात्री अंथरुणावर मात्र त्यांची झोप उडाली. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिक्का खणात टाकून कुलूप लावलं. संध्याकाळी ठिपकीने हात पुढे केला, तर म्हणाले, "शिक्का हरवला बाळा." त्याच्या पुढच्या दिवशी ठिपकीने सगळी दुपार तो शिक्का शोधण्यात घालवली. टोपल्या उलट्या केल्या, मावशींच्या पायाशी शिरली, कोटांचे खिसे चाचपले. मावशी इस्त्री फिरवत सगळं बघत होत्या. त्यांना कुलूपही दिसलं होतं. "आता तरी घरी सांगा," एवढंच त्या म्हणाल्या. आजोबा म्हणाले, सांगतो.

पण दिवस तसेच जात राहिले. एकदा सूनबाई दमून आली होती. एकदा मुलाचं डोकं दुखत होतं. एकदा तर सगळे छान हसत बसले होते, तेव्हा कुठे मूड घालवायचा? निमित्त हवं असणाऱ्याला ते सापडतंच. नवव्या दिवशी जेवताना सूनबाई म्हणाली, "मी नोकरी सोडली. आज पत्र दिलं. आता आठवडाभर जाईन फक्त."

मुलाने घास थांबवला. "बरं केलंस," तो म्हणाला, पण त्याचाही आवाज जरा खाली आला. आजोबांनी ताटातलं सगळं संपवलं. त्यांना कशाचीच चव लागली नाही.

औषध आपलं काम करत होतं. पत्र दिल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी ठिपकी कोटांच्या मागे गेली ती बाहेर येईना. आजोबा एका पांढऱ्या पडद्यावरचा चहाचा डाग काढत होते. त्यांनी हाक मारली. उत्तर नाही. उठून कोट बाजूला सारले तर पोर भिंतीला पाठ लावून उभी. चड्डी पूर्ण भरलेली, दोन्ही पायांवर ओघळ आलेले. इतक्या आठवड्यांचं साठलेलं एकदाचं मोकळं झालं होतं. खरं तर आनंदाने नाचायची वेळ. पण ठिपकीच्या हातात आजोबांचा डाग काढायचा ब्रश होता. कधी उचलला होता कोण जाणे. त्या राठ केसांच्या ब्रशाने ती स्वतःची मांडी खसाखसा घासत होती. मांडी लाल झाली होती.

"डाग नाही," ती आजोबांना म्हणाली. "आजोबा, डाग नाही. डाग नाही."

आजोबा तिच्यासमोर खाली बसले. त्यांनी तिच्या हातातून ब्रश काढून घेतला आणि तिला तशीच छातीशी धरली. "नाही बाळा, नाही. छान झालं. माझी गुणाची पोर ती, छान केलं." पण पोरीचं अंग ताठच होतं. मावशी गरम पाणी घेऊन आल्या. दोघांनी मिळून तिला स्वच्छ केलं. आजोबांना रडू येत होतं आणि ते त्यांनी आवरलं नाही.

त्या संध्याकाळी सूनबाई स्वयंपाकघरात नासपती धूत होती. आजोबा दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, पोरीचं हे सगळं माझ्यामुळे झालं. तो शिक्का..."

"हो," सूनबाई म्हणाली.

"हो म्हणजे?"

"मला माहीत आहे बाबा. डॉक्टरांच्या खोलीतच कळलं. ती स्वतःच्या तोंडाने बोलली की."

आजोबांनी स्टूल ओढलं आणि ते बसले. "मग तू बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर काय झालं असतं? स्वतःची चूक सासऱ्यावर ढकलते, असंच ना?" तिने नळ बंद केला. "तुम्ही बोलाल म्हणून थांबले. त्या संध्याकाळी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही पाणी प्यायलात. मग रोज वाटायचं, आज जेवताना बोलतील. आठ दिवस वाट बघितली. मग पत्र दिलं."

"अगं, पण शिक्का बंद केला ना मी. तू नोकरी कशाला सोडायची?"

"शिक्क्याचं मला काही नाही बाबा. माणूस चुकतो. मीसुद्धा तिचा हात बघून टाळ्या वाजवायचेच की. पण डॉक्टर समोर बसून विचारत होत्या, तुम्हाला कळलं होतं, आणि तुम्ही हसून झाकलंत." तिचा आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता. "उद्या ती वाफेच्या नळीशी गेली, पडली, काही गिळलं, तर तुम्ही मला लगेच सांगाल? की आधी आपण कसे दिसू ते बघाल? एकदा हे मनात आल्यावर तिला तिथे ठेवून मी बसमध्ये बसू कशी?"

आजोबा म्हणाले, "मी उद्या येतो तुझ्या साहेबांकडे. सांगतो त्यांना, चूक माझी होती, पत्र मागे घ्या."

"काल भरली त्यांनी जागा. यादीत माझ्यामागे एक जण होताच." तिने फळं ताटलीत लावली. "आणि हे मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. ज्याला माहीत नाही त्याला सांगा."

मुलगा मोरीत हाताचं ग्रीस काढत होता. आजोबा तिथे गेले. आयुष्यात त्यांनी मुलापुढे मान खाली घातली नव्हती, आज घातली. सगळं सांगितलं. शिक्का, कोटांमागचं उभं राहणं, डॉक्टरांपुढचं हसणं, पाण्याचा ग्लाससुद्धा. मुलगा साबणाचे हात तसेच धरून ऐकत होता.

"म्हणजे मी तिला उगाच..." तो म्हणाला आणि थांबला. मग हात न धुताच स्वयंपाकघरात गेला. आत दोघं काय बोलले ते आजोबांना ऐकू आलं नाही. ते बाहेरच्या खोलीत बसून राहिले.

महिन्याने दुसऱ्या तपासणीला आजोबा स्वतः डॉक्टरीणबाईंपुढे उभे राहिले आणि त्यांनी सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "होतं असं," त्या म्हणाल्या. "पण पहिल्याच दिवशी कळलं असतं तर तिचे चार वाईट आठवडे वाचले असते." ते वाक्य आजोबा घरापर्यंत मनात घोळवत आले.

हातून जे होण्यासारखं होतं ते त्यांनी केलं. लाकडी खोक्याच्या फळ्या कापून, पॉलिश पेपरने घासून, पोरीच्या पायांखाली ठेवायला बुटकं स्टूल केलं. पॉटीवर बसून फुंकर मारली की पोट आपोआप सैल पडतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. साबणाचं पाणी हे तर आजोबांचं घरचं काम. सात वेळा प्रमाण बदलून त्यांनी असं पाणी केलं की फुगे न्हाणीघराच्या छतापर्यंत जायचे. मनुका भिजवायच्या त्यांनी, पावडर मोजून द्यायची त्यांनी. दोन महिन्यांनी मुलगा म्हणाला, आता कशाला औषध, तर त्याच्यावर खेकसले तेही आजोबाच. पण पॉटीपाशी बसायची सूनबाई. ते काम त्यांच्याकडे कुणी दिलं नाही, आणि त्यांनीही मागितलं नाही. दुकानात टोपली आता रिकामी असायची. ठिपकी यायची ती आईचं बोट धरून, तासभर, आणि आईबरोबरच परत जायची. सूनबाई प्रयोगशाळेतल्या जागांच्या जाहिराती बघत असे. तशी जागा पुन्हा निघाली नाही.

सहा महिन्यांनी ठिपकी बरी झाली. रोज सकाळी व्हायची, दुखायची नाही. पोट मऊ, खाणं दुप्पट, मस्ती तिप्पट. डॉक्टरीणबाईंनी औषध हळूहळू कमी करायला सांगितलं. आजोबांच्या मानेवरचं ओझं उतरलं. आता झालं गेलं मागे पडलं, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

एका सुट्टीच्या दुपारी ठिपकी अंगणात खेळण्याच्या नादात विसरली आणि चड्डी खराब झाली. एवढ्याशा पोरीला एवढं तर होणारच. सूनबाई तिला न्हाणीघरात घेऊन गेली आणि आतून म्हणाली, "कुणीतरी टॉवेल द्या!" मुलगा झोपला होता. आजोबा टॉवेल घेऊन गेले. दार लोटलेलं होतं. आत पाण्याचा आवाज थांबला आणि ठिपकीचा आवाज आला, अगदी हळू, कानात बोलावं तसा.

"आई, आजोबांना नको सांगू."

"नाही सांगत," सूनबाई म्हणाली.

आजोबा दाराबाहेर टॉवेल छातीशी धरून उभे राहिले. पोर बापाला घाबरत नव्हती, आईला नाही, शेजाऱ्यांना नाही. साऱ्या जगात तिला लपवावंसं वाटत होतं ते एका माणसापासून. आपण ऐकलं हे तिला कळता कामा नये, एवढंच त्या क्षणी त्यांना सुचलं. ते चोरपावलांनी मागे फिरले, पार बाहेरच्या खोलीपर्यंत गेले. आत सूनबाईने काहीतरी गंमत केली असावी, ठिपकी खळखळून हसायला लागली होती. मग आजोबा मुद्दाम खाकरत, पाय आपटत, आत्ताच येतोय असं दाखवत न्हाणीघराकडे निघाले. त्यांची पावलं ऐकू आली आणि आतलं हसणं थांबलं.